पाण्याला वापसा येऊ दे

मंठा,
एप्रिलअखेर

चि. सोनूस,


दहावीची परीक्षा संपताच तू काचेची टाकी आणलीस आणि तीत झाडं लावायची म्हणतोस, हे ऐकून फार आनंद झाला. कोणते मासे आणू, किती आणू आणि कधी आणू, असं तू विचारलंस. फोनवर घाईघाईत सांगण्याजोगी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मासे मृग लागल्यावर आण. तोवर टाकीत फक्त पाणी आणि झाडं.

पहिली सर पडली म्हणून आपल्याकडे कोणी तिफण जुंपत नाही. रान वापशावर येईपर्यंत दम धरतात. टाकीतल्या पाण्यालाही असाच वापसा यावा लागतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजकं पान यांतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि झाडांना खत म्हणून चालतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, वाळूत, पानांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाकत जा, म्हणजे त्यांची उपासमार होणार नाही. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले आणि पुढचे काही दिवस तसेच राहिले, की पाणी तयार झालं असं समज. एक रंगीत दिवा कमी घे, पण टेस्ट किट घेच.

नितळ दिसणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवू नकोस. पाण्याचा कारभार डोळ्यांना न दिसणारे जीव आणि क्षार चालवतात. लोणार आपल्यापासून जवळच आहे. तिथल्या सरोवराचा पीएच दहाच्या आसपास नोंदवला गेला आहे, आणि २०२० च्या जूनमध्ये ते सगळं पाणी गुलाबी झालं, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

आता आपल्या बोअरच्या पाण्याविषयी. आपल्या भागात खाली काळा पाषाण आणि मातीत चुनखडीचे खडे. त्यामुळे पाणी बहुधा जड असतं आणि पीएच सातच्या वर जातो. अशा पाण्यात, त्यातून उन्हाळ्यात, अमोनियाचं विष जास्त चढतं. म्हणून इथं धीर अधिक धरायचा. नदीतली वाळू किंवा दगड आणलास तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघ. फेस आला तर त्यात चुना आहे. तो टाकीबाहेरच बरा. फेस न येणारा काळा दगड खुशाल वापर. टँकरचं किंवा नळाचं पाणी ब्लीचिंग पावडरचं असतं, ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच टाकीत घाल.

जड पाण्याशी भांडू नकोस, त्याला मानवणारी झाडं निवड. व्हॅलिसनेरिया अशा पाण्यात जोमानं पसरतं. हायड्रिला आणि हॉर्नवर्ट भराभर वाढतात आणि पाण्यातला अमोनियासुद्धा शोषून घेतात, म्हणून सुरुवातीला हीच भरपूर लाव. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्यानं बांध. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलंस तर कुजेल. क्रिप्टोकोरिनची पानं जागा बदलताच विरघळल्यासारखी झडतात. घाबरून रोप उपटू नकोस, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. दिवा सहा ते आठ तासच लाव. त्यापेक्षा जास्त उजेड झाडांआधी शेवाळाच्या कामी येतो.

मोबाईलवर तू जपानच्या ताकाशी अमानो यांच्या टाक्या पाहिल्या असशील. १९५४ ते २०१५ एवढं आयुष्य लाभलेला हा छायाचित्रकार. पाण्याखालची हिरवी रानं त्यानं जगाला दाखवली. ती बघ, त्यातून शिक. पण त्यामागे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, तीव्र दिवे आणि सततची छाटणी असते. आपल्याला डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंची वाट जवळची आहे. १९९९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मातीच्या थरावर वाळू घालून, दाट झाडं लावून, कमी यंत्रांत टाकी कशी चालते ते मांडलं.

आपल्या भारनियमनाच्या गावांत ही वाट फार उपयोगी पडते. वीज गेली की फिल्टर थांबतो. दाट झाडं आणि मोजके मासे असले तर टाकी तग धरते. मात्र रात्री झाडंही प्राणवायू घेतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील तर मासे जास्त झाले किंवा पाणी हलत नाही, हे ओळख. बॅटरीवरचा छोटा पंप घरात असू दे.

तुझी टाकी ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरची, म्हणजे काठोकाठ ५४ लिटरची. तीत पाच-सहा नर गप्पी पुरे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं हौदांत सोडतं तेच हे मासे. जड पाणी आणि उष्मा दोन्ही सोसतात. माद्या आणल्यास तर काही महिन्यांत पिल्लं आवरणार नाहीत. निऑन, डिस्कस यांना मऊ पाणी लागतं, त्यांचा हट्ट धरू नकोस.

उन्हाळ्यात टाकीवर छोटा पंखा लाव. वाफ होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाल. दर आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदल आणि काढलेला प्रत्येक थेंब जास्वंदीला, तुळशीला, वांग्या-मिरचीला घाल. प्यायच्या पाण्यासाठी माणसं रांगेत उभी राहतात त्या मुलखात आपण हा छंद करतो आहोत. पाणी वाया घालवणाऱ्याला तो शोभत नाही.

एवढ्या कष्टांत मिळतं काय, असं ताई विचारेल. तिला दुपारी टाकीजवळ बसव. पानांच्या कडेला प्राणवायूचे बारीक बुडबुडे धरलेले दिसतील. प्रकाशसंश्लेषण पुस्तकात वाचलेलं, इथं डोळ्यांसमोर घडतं. व्हॅलिसनेरियाचा धुमारा वाळूखालून जाऊन पलीकडे नवं रोप काढतो, गेलेलं क्रिप्टोकोरिन परत फुटतं. आपण दिलेल्या निगेला जीव असा प्रतिसाद देतो, यासारखं समाधान मला दुसरीकडे क्वचितच मिळालं.

आणि एक गोष्ट आज्ञा म्हणून पाळ. नद्या-तलाव गिळणारी जलपर्णी मुळात शोभेचं झाड म्हणून दक्षिण अमेरिकेतून आली. टाकीतला सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. छाटलेली पानं उन्हात वाळवून मग खतात टाक. कधी टाकी मोडायची वेळ आली तर मला कळव, मी येऊन झाडं-मासे घेऊन जाईन. पण दुधना नदीत त्यातली एक काडीही सोडू नकोस.

तुझा,
मामा