पेशी बोलतात, पण कुणाशी?

स्टेम सेलपासून ऊतींचे गोळे वाढवायचे आणि त्यातल्या पेशी एकमेकींना काय कळवतात ते टिपायचं, हे माझं रोजचं काम. लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांना जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते.

१. मॅट्रिजेल बर्फावरून हलवू नका. गोळे ज्यात वाढवतो तो, उंदराच्या ट्यूमरपासून मिळवलेला हा द्रव ४ अंशांना पातळ असतो, ३७ अंशांना त्याची जेली होते. पिपेटच्या टिपासुद्धा आधी गार करायच्या. गप्पा मारत बसलात की तो टिपेतच घट्ट होतो आणि महागडा माल वाया. प्रत्येक लॉट थोडा वेगळा निघतो, म्हणून लॉट नंबर वहीत हवाच. निकाल अचानक बदलले की मी आधी तो पाहते.

२. आकारावर भुलू नका. संशोधक सातो आणि क्लेव्हर्स यांनी २००९ साली आतड्याच्या एकेका स्टेम सेलपासून आतड्यासारखी रचना वाढवली. २०१३ मध्ये मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन नोब्लिख यांनी व्हिएन्नात मेंदूचे ऑर्गनॉइड, म्हणजे असेच ऊतींचे गोळे, केले. त्यात रक्तवाहिन्या नसतात. गोळा काही मिलिमीटरचा झाला की मधोमध ऑक्सिजन पोचत नाही. बाहेरून टपोरा, आतून मेलेला.

३. इथे जरा थांबते, कारण सगळी गोम इथेच आहे. कॅल्शियम वाढलं की चमकणारा डाय घातला, की सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी उजळते, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. पहिल्यांदा पाहणारा हरखून जातो. पण पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात ते मीडियम नुकतंच बदललं असेल तर? द्रवाचा धक्का बसला की पेशी एटीपी हा रेणू बाहेर सोडतात, शेजारणींना तो जाणवतो आणि त्यांच्यातलं कॅल्शियम चढतं. लाट खरी, संवादही खरा. विषय मात्र तुमचं पिपेट! म्हणून डिश स्टेजवर ठेवून स्थिर होऊ द्यायची, मगच रेकॉर्डिंग. मग एकेक वाट बंद करून पाहायची. एटीपी तोडणारं अपायरेज घालून लाट विरली, तर निरोप बाहेरच्या द्रवातून जात होता. गॅप जंक्शन अडवल्यावर विरली, तर पेशींना जोडणाऱ्या नळ्यांतून. दोन्हींनी अर्धवट कमी झाली (बहुधा तेच होतं) तर पेपर लांबला म्हणून समजा.

४. पेशींकडून संगणकासारखं काम करून घेण्याच्या बातम्या सावकाश वाचा. मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्जने २०२२ मध्ये सुमारे ८ लाख चेतापेशींना ‘पाँग’ हा चेंडू टोलवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावलं. तो गोळा नव्हता, इलेक्ट्रोडच्या चिपवर पसरलेला पातळ थर होता. चेंडू लागला की ठरावीक संकेत, चुकला की चार सेकंद विस्कळीत संकेत. थोड्याच वेळात टोलवाटोलवी लांबू लागली. मला त्या खेळापेक्षा त्यांनी पेशीच नसलेलं नुसतं मीडियमही चिपवर घालून पाहिलं, ते जास्त आवडलं; खेळ पेशींमुळेच सुधारतो की नाही, ते त्यातूनच कळतं.

५. उत्तर कोण देतंय ते विचारा. इंडियाना विद्यापीठात २०२३ मध्ये मेंदूच्या ऑर्गनॉइडला आठ जणांचे जपानी स्वर विजेच्या स्पंदनांतून ‘ऐकवले’ आणि बोलणारा ओळखायचं काम दिलं. सरावाने अचूकता ५१ वरून ७८ टक्क्यांपर्यंत गेली. ऑर्गनॉइडचा प्रतिसाद वाचून अखेरचं नाव सांगणारा मात्र साधा संगणकी प्रोग्राम होता. प्रयोग चांगलाच आहे. त्याला ‘विचार करणारा मेंदू’ म्हणणं माझ्या मते थापेबाजी.

६. पेशी कुणाच्या तरी असतात. कुणीतरी त्वचेचा तुकडा किंवा रक्त दिलेलं असतं, आणि संमतीपत्रावर सही करताना आपल्या पेशी चिपवर खेळ खेळतील हे त्याच्या मनातही नसतं. नवं संमतीपत्र तयार करताना हा वापर साध्या मराठीत लिहा आणि ‘नको’ म्हणायला वेगळी चौकट ठेवा.