टर्कीवांचून नाताळ

गतवर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या इंग्रजीच्या वर्गांत चार्लस् डिकन्स याची 'ए ख्रिसमस कॅरोल' ही गोष्ट चालली होती. कंजूष स्क्रूजचें हृदय शेवटीं पालटतें व तो आपल्या गरीब कारकुनाच्या घरीं एक भली मोठी टर्की पाठवितो. तो प्रसंग वाचून संपल्यावर एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, ज्यांच्या घरीं टर्की होत नाहीं, त्यांचा नाताळ अपुरा समजावयाचा काय?" वर्गांत हंशा पिकला, परंतु विचारणारा हंसत नव्हता. त्या वेळीं आम्हीं एका वाक्यांत उत्तर देऊन पुढचा धडा चालू केला. मागाहून मात्र वाटलें कीं, प्रश्न एका वाक्यांत संपण्यासारखा नव्हता. पुस्तकांत व चित्रांत पाहिलेला सण हाच खरा सण, आणि आपल्या घरचा तो त्याची कशीबशी केलेली नक्कल, असें एखाद्या मुलाच्या मनांत बसलें तर तो दोष त्या मुलाचा नव्हे. म्हणून तें उत्तर आज सावकाशीनें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या पक्ष्याचीच कुळकथा पाहूं. टर्की मूळची अमेरिकेची. मेक्सिकोंतील लोकांनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तिला माणसाळविलें. १६ व्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं ती युरोपांत आणिली, व त्याच शतकाच्या मध्यास ती इंग्लंडांत चांगली परिचित झाली होती. १५५० सालीं विल्यम् स्ट्रिकलंड नांवाच्या गृहस्थास जें कुलचिन्ह मिळालें, त्यावर टर्कीच विराजमान आहे. नांवाची तर मोठी गंमत झाली. इंग्रजांनीं तिला तुर्कस्तानची ठरविलें. फ्रेंचांनीं हिंदुस्थानची ठरविली. खुद्द तुर्कांनींहि तिला 'हिंदी' असेंच नांव दिलें. आणि पोर्तुगीजांनीं तिला 'पेरू' म्हटलें. आपल्याकडे पेरू म्हटलें कीं फळाची टोपली डोळ्यांपुढें येते. गोव्यांतील जुन्या पोर्तुगीज मुदपाकखान्यांत मात्र त्याच शब्दानें पंख फडफडत असत!

या गोव्याचा टर्कीशीं एक इतिहासप्रसिद्ध संबंधहि आहे. इ. स. १६१२ मध्यें जहांगीर बादशहासाठीं मुकर्रबखान यानें गोव्याहून कित्येक दुर्मिळ जिनसा व प्राणी आणिले. त्यांत एक टर्कीनर होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग क्षणोक्षणीं पालटतो हें पाहून बादशहास फार नवल वाटलें. त्यानें त्याचें वर्णन आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आणि उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचें चित्र काढविलें. तें सुंदर चित्र आज लंडन येथील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. सारांश, ख्रिस्तजन्मानंतर पंधरा शतकें लोटेपर्यंत युरोपांतील एकाहि ख्रिस्ती घरानें टर्की पाहिली नव्हती. आणि नाताळ तर त्यापूर्वींहि शेंकडों वर्षें आनंदानें साजरा होत होता.

मग इंग्लंडांत त्या दिवशीं काय शिजत असे? श्रीमंतांच्या घरीं गोमांस, रानडुकराचें मस्तक, मोर. आणि सामान्य माणसाच्या घरीं, साधलें तर, पाळीव हंस. ज्यास इंग्रजींत 'गूज' म्हणतात तोच हा. १८ व्या शतकांत नॉर्फोक व सफोक या परगण्यांतून हंसांचे व टर्कींचे प्रचंड कळप ऑगस्ट महिन्यापासून पायीं हांकीत लंडनला नेत असत, असें डॅनिअल डीफो यानें आपल्या प्रवासवर्णनांत लिहिलें आहे. कामकरी लोकांस एवढा पक्षी एकदम घेणें परवडत नसे. म्हणून ते 'गूज क्लब' काढीत. आठवड्यास कांहीं पेनी भरावयाचे व नाताळास त्या सांठलेल्या पैशांतून हंस घ्यावयाचा. आपल्या भिशीचाच हा भाऊबंद म्हणाना! पुन्हा, पुष्कळांच्या घरीं मोठी भट्टी नसल्यामुळें पक्षी भाजण्यासाठीं तो पाववाल्याच्या भट्टींत नेऊन द्यावा लागे.

डिकन्सची गोष्ट १८४३ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील कारकून क्रॅचिट याचा पगार आठवड्यास १५ शिलिंग. घरांत नवराबायको व सहा मुलें. या आठ माणसांच्या पंक्तीला जो पक्षी येतो तो टर्की नव्हे, तर पाववाल्याकडून भाजून आणलेला हंस. तो सर्वांस पुरावा म्हणून जोडीला सफरचंदाची चटणी व कुसकरलेले बटाटे आहेत. पक्षी लहान आहे हें वाचकाच्या लक्षांत येतें. परंतु त्या घरांतील एकहि माणूस तसें बोलत नाहीं. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं येथें थोडें थांबावें. स्क्रूजची टर्की येते ती गोष्टीच्या शेवटीं. पण त्या घरचा नाताळ ज्या पानांवर आपण डोळे पुसत वाचतों, त्या पानांवर टर्की नाहींच! इंग्लंडांत टर्की घरोघर पोंचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, मोठ्या प्रमाणावरील कुक्कुटपालनानें ती स्वस्त झाली व घरोघरीं शीतकपाटें आलीं तेव्हां.

त्या महायुद्धाच्या काळची एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. ब्रिटनमध्यें १९४० सालीं मांसावर नियंत्रण आलें, तें १९५४ पर्यंत टिकलें. त्या दिवसांत तेथील गृहिणी 'खोटा हंस' करीत. बटाट्याच्या चकत्या, आंबट सफरचंदाच्या फोडी, किसलेलें चीज व सेज नांवाचा सुगंधी पाला यांचे थरावर थर रचून, वर थोडें रश्शाचें पाणी घालून तें भट्टींत भाजावयाचें. त्यांत हंसाचें पीसहि नसे. परंतु हंसाबरोबर जो पाला व जें सफरचंद लागतें त्यांचा वास घरभर दरवळे, आणि मुलांना सण आल्याची खूण पटे. त्या मातांनीं मुलांस फसविलें असें आम्हांस वाटत नाहीं. हातीं जें होतें त्यांतून त्यांनीं सणाचा दिवस इतर दिवसांहून निराळा करून दाखविला.

आतां इंग्लंडच्या बाहेर दृष्टि टाकूं. मध्य युरोपांत नाताळची पूर्वसंध्या हा पूर्वापार उपवासाचा दिवस; त्या दिवशीं मांस वर्ज्य. म्हणून चेक लोकांच्या व पोलिश लोकांच्या घरीं त्या रात्रीं कार्प मासा असतो. हा आपल्या रोहू व कटला यांच्याच कुळांतला. दक्षिण बोहेमियांत त्यासाठीं शेंकडों वर्षांपूर्वीं तळीं बांधलीं गेलीं. त्यांतील रोझम्बेर्क नांवाचें मोठें तळें १५८४ ते १५९० या सालांत झालें. पुष्कळ घरीं हा मासा दोन दिवस आधीं जिवंत आणून न्हाणीच्या टांकींत सोडतात. मुलें त्याला नांव ठेवतात, आणि मग त्याला मारूं नका म्हणून रडतात! पोलंडांत आकाशांत पहिली तारका दिसल्यावांचून कोणी जेवावयास बसत नाहीं. बसण्यापूर्वीं घरांतील माणसें एकमेकांच्या हातांतील पातळ पवित्र पोळीचा तुकडा मोडून घेतात व झाल्यागेल्याची क्षमा मागतात. मांसाविना बारा पदार्थ केलेले असतात, आणि मेजावर एक पान जास्त मांडलेलें असतें. तें कोणासाठीं? दारीं अकस्मात् येईल त्या परक्यासाठीं.

जर्मनींत २५ तारखेस भाजलेला हंस, लाल कोबी व बटाट्याचे गोळे यांचें मोठें जेवण होतें. परंतु आदल्या रात्रीं कितीतरी घरीं बटाट्याची कोशिंबीर व सॉसेज एवढ्यावरच भागवितात. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर मेंढीच्या खारवून वाळविलेल्या फासळ्या, भांड्याच्या तळाशीं बर्च झाडाच्या काटक्या रचून, वाफेवर शिजवितात. इथिओपियांत नाताळ ७ जानेवारीस असतो. त्यापूर्वीं कित्येक आठवडे लोक मांस, दूध व अंडीं वर्ज्य करितात. मग उपवास सोडावयास कोंबडीचा तिखटजाळ रस्सा व आपल्या आंबोळीसारखी 'इंजेरा' असते. जपानांत ख्रिस्ती लोक शेंकडा एकाच्या आसपास; पण १९७४ सालीं केंटकी नांवाच्या अमेरिकन कंपनीनें जाहिरातींचा धडाका लावला, तेव्हांपासून तेथें नाताळास तळलेली कोंबडी खाण्याची रूढि पडली. चाळीसपन्नास वर्षांत रूढि कशी घडते याचें हें चांगलें उदाहरण आहे. जी रूढि माणसांनीं घडविली, ती माणसांस आपल्या परिस्थितीप्रमाणें पालटतांहि येते.

आतां पालकांशीं दोन व्यवहाराच्या गोष्टी बोलूं. टर्कीचा मोह पडलाच, तर प्रथम पंक्तीचीं माणसें मोजावीं. पांच-सहा किलोंची टर्की दहाबारा माणसांस पुरते; चौघांच्या घरीं ती आणली तर चार दिवस तीच खावी लागते. ती गोठलेली असेल तर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यांत दर दोन किलोंस सुमारें एक दिवस या हिशेबानें वितळूं द्यावी लागते. पांच किलोंस अडीच दिवस झाले. शिवाय तिच्या छातीचें मांस मांडीच्या आधीं शिजतें, म्हणून मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते. लहान कुटुंबास दीडदोन किलोंची एक कोंबडी पुरे. ती चौघांस होते व घरच्या लहान भट्टींत मावते. बदक चविष्ट असतें, परंतु त्यांत हाडें व चरबी फार. दोन किलोंचें बदक तिघांचौघांसच पुरतें. हंसाचेंहि तसेंच; मात्र त्याची गळलेली चरबी जपून ठेवून तींत बटाटे भाजावे, म्हणजे पैसा वसूल होतो. माणसें अधिक असतील तर बकऱ्याची रांग मंद आंचेवर शिजवावी. मांस वर्ज्य असलेल्या पाहुण्यासाठीं लाल भोपळा पोखरून त्यांत भात, काजू, बेदाणे व कांदा भरून भाजला, तर तो मेजाच्या मध्यावर कोणत्याहि पक्ष्याइतकाच शोभतो.

कोणताहि पक्षी असो, तो नळाखालीं धुऊं नये. उडणाऱ्या तुषारांनीं रोगजंतु ओट्याभर पसरतात. मांसाच्या मध्यभागीं उष्णता ७४ अंश सेंटिग्रेडपर्यंत पोंचल्यावांचून तो उतरवूं नये. उतरविल्यावर पंधरावीस मिनिटें तसाच राहूं द्यावा, म्हणजे रस आंत मुरतो. उरलेलें अन्न दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावें व तीनचार दिवसांत संपवावें.

आणि आपल्या प्रांतांत काय उणें आहे? वसईकडील ईस्ट इंडियन कुटुंबांत बाटली मसाल्याचा सुगंध सुटतो, बदकाची मोईली व फुगलेले गोल फुगे होतात. गोव्यांत सोरपोतेल व सान्ना, आणि मागाहून बेबिंका, दोदोल व नेवऱ्या. आमच्या देशावरच्या खेड्यांतून करंज्या, लाडू व चिवडा यांचीं ताटें रुमालानें झांकून मुलें दारोदार नेतात. ज्या शेजाऱ्यानें दिवाळींत आपल्या घरीं फराळ पाठविला, त्याच्या घरीं नाताळचें ताट जातें. घरीं कोंबडीचा रस्सा व भात एवढेंच असलें तरी हें ताट चुकत नाहीं. पोलंडांतील रिकामें पान परक्याची वाट पाहतें. आमचें ताट स्वतःच उठून शेजाऱ्याकडे जातें. दोहोंचा अर्थ एकच.

जेथें तेथें आम्हांस दोन गोष्टींचें भय वाटतें. एक कर्ज. चार लोकांत दिसावें म्हणून ऐपतीबाहेर केलेला सण फेब्रुवारीपर्यंत घरास सुखानें झोपूं देत नाहीं. दुसरी गोष्ट मुलांनीं नीट ऐकावी. पुष्कळ घरीं असें होतें कीं, आई पहाटे चुलीपाशीं जाते ती सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर एकटीच कोपऱ्यांत बसून जेवते. उपासनेला तिला जातां येत नाहीं, आणि भक्तिगीतें तिच्या कानीं पडतात तीं दुरून. अशा घरीं टर्की असली तरी पंक्ति अपुरीच म्हणावी लागेल. म्हणून यंदा पदार्थ निवडतांना, "हा करावयास आईला किती वेळ उभें राहावें लागेल, आणि त्यांतलें कोणतें काम आपण करूं?" हा प्रश्न आधीं विचारावा. लसूण सोलणें, बटाटे कुसकरणें, पानें मांडणें व भांडीं विसळणें यांस इंग्रजी उत्तम येण्याची गरज नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर. बाळ, ज्या रात्रीचा हा सण, त्या रात्रीं बेथलेहेमांतील त्या कुटुंबास उतरावयास जागाहि मिळाली नव्हती. बाळाला गव्हाणींत निजवावें लागलें. त्यांच्यापुढें कोणतें पक्वान्न होतें हें शुभवर्तमानांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. जें लिहावयास सुवार्तिकांस महत्त्वाचें वाटलें नाहीं, त्यावरून तुझ्या घरचा नाताळ पुरा कीं अपुरा हें ठरूं शकत नाहीं. तुझ्या आईनें केलेला रस्सा सर्वांनीं एकत्र बसून खा. एक पान जास्त मांड. आणि आईला यंदा सर्वांबरोबर बसव. मग सुटीनंतर शाळेंत येऊन आम्हांस सांग कीं, तुमच्या घरीं नाताळास काय होतें. आम्ही तें वर्गास वाचून दाखवूं, आणि त्या वेळीं कोणी हंसणार नाहीं.