द्रो शहराचा कौल

पॅरिसच्या पश्चिमेस सुमारे 80 किलोमीटरवर द्रो नावाचे कारखान्यांचे एक शहर आहे. 1983 च्या सप्टेंबरात तेथे नगरपालिकेची निवडणूक झाली, तेव्हा ‘नॅशनल फ्रंट’ या अतिउजव्या पक्षाच्या यादीला पहिल्या फेरीत सुमारे 17 टक्के मते पडली. दुसऱ्या फेरीत प्रस्थापित उजव्या पक्षांनी तिच्याशी हातमिळवणी करून सत्ता मिळविली. 1972 मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाचे नेते जाँ-मारी ल पेन यांना 1974 च्या अध्यक्षीय निवडणुकीत एक टक्काही मते मिळाली नव्हती. 1981 मध्ये तर उमेदवारीसाठी लागणाऱ्या 500 लोकप्रतिनिधींच्या सह्याही त्यांना जमविता आल्या नाहीत.

मधल्या काळात असे काय घडले? परकीयांचा लोंढा वाढला, हे उत्तर सहज सुचते. परंतु आकडे त्याला दुजोरा देत नाहीत. महायुद्धानंतरच्या भरभराटीत मोटारींचे कारखाने व बांधकामे यांसाठी अल्जीरिया, मोरोक्को, पोर्तुगाल येथून मजूर आणविले गेले. 1973 मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि 1974 च्या जुलैत सरकारने नव्या मजुरांना दार बंद केले. 1975 च्या शिरगणतीत परकीयांचे प्रमाण 6.5 टक्के होते; 1982 मध्ये ते 6.8 टक्के भरले. याच सात वर्षांत बेकारांची संख्या मात्र दुपटीहून अधिक होऊन 20 लाखांच्या घरात गेली. पूर्वी वसतिगृहांत एकटे राहणारे मजूर आता बायकामुलांसह सरकारी चाळींत राहू लागले होते. त्यांची मुले त्याच शाळांत जात होती. जितके बेकार तितकेच परकीय जास्त, असे गणित पक्षाच्या भित्तिपत्रकांनी मांडले. मंदीची कुऱ्हाड बहुधा परकीय मजुरांवरच आधी कोसळते, ही गोष्ट त्यातून सोयिस्करपणे गाळलेली होती.

तथापि एकट्या बेकारीनेही उलगडा होत नाही. अल्सास हा सुखवस्तू प्रांत. तेथील बेकारी देशाच्या सरासरीहून कमी. तरीही 1995 मध्ये ल पेन यांना तेथे सुमारे चतुर्थांश मते मिळून ते पहिले आले. आहे ते गमावण्याचे भय हे प्रत्यक्ष दारिद्र्याइतकेच प्रभावी ठरते, असे यावरून दिसते.

शिवाय निवडणूक पद्धतीचाही प्रश्न आहे. 1986 मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे पक्षाला संसदेत 35 जागा मिळाल्या. 1988 मध्ये दोन फेऱ्यांची जुनी पद्धत परत आली. मतांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहिले, पण जागा मिळाली ती एकच.