ब्रेकचे पेडल मऊ लागते

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती ओम्नीचे ब्रेक दोनतीनदा दाबल्यावरच लागतात. ऑइल भरले, तरी फरक नाही. लायनर बदलू का? — एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका, आणि लायनरची घाईही करू नका. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून नळ्यांत हवा शिरली असता केवळ टाकी भरून दोष जात नाही. प्रथम मागील ड्रममधील अंतर जुळवून घ्यावे, आणि मग, सहायकाकरवी पेडल दाबून धरवीत, टाकी रिकामी न होऊ देता, प्रत्येक चाकाच्या निपलमधून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल सोडावे. ते मात्र, ओलावा शोषणारे असल्यामुळे, पुन्हा वापरू नये. पाय स्थिर असूनही पेडल सावकाश खाली जात असेल आणि बाहेर गळती नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरचे रबर निकामी झाले आहे. ते काम कारागिराच्याच हवाली करावे. दोष जाईतो गाडी रस्त्यावर काढू नये, घाटात तर नाहीच.