यात्रेचा सोबती

तीर्थयात्रेस निघण्यापूर्वी भाविक तिथी पाहतात, गाडीचे आरक्षण करतात, देवीच्या ओटीचे साहित्य बांधून घेतात. सोबत कोण असावे याचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. कोणी सहज विचारतो, दुसरा सहज होकार देतो आणि सोबत ठरते. पुढे चार दिवस एकत्र उठणे, जेवणे, रांगेत उभे राहणे व पैसा खर्चणे आले, की घरी कधी न दिसलेले स्वभाव दिसू लागतात.

आपल्या परंपरेत सोबतीचे थोर उदाहरण श्री ज्ञानेश्वर महाराज व श्री नामदेव महाराज यांचे आहे. नामदेवरायांच्या नावावरील तीर्थावळीच्या अभंगांत या यात्रेचे वर्णन येते. दोघांचे स्वभाव एक नव्हते. एक योगमार्गाचा ज्ञानी, दुसरा पांडुरंगावाचून क्षणभरही न राहणारा. पंढरी सोडावयास नामदेव सहजासहजी तयार नव्हते. ज्ञानेश्वरांनी आग्रहाने त्यांना बरोबर घेतले. वाळवंटी प्रदेशात दोघांना तहान लागल्याची कथा सर्वश्रुत आहे. खोल विहिरीतील पाणी ज्ञानेश्वरांनी योगसामर्थ्याने प्राशन केले, तर नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. पाणी दोघांनाही मिळाले आणि पाणी पिण्याच्या रीतीवरून सोबत तुटली नाही. सन १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली तेव्हाही नामदेव तेथे होते. सोबती आपल्यासारखाच असावा असा आग्रह धरणाऱ्यांनी ही जोडी आठवावी. स्वभाव भिन्न चालतात. यात्रेचा हेतू भिन्न असला तर मात्र अडचण होते.

अंबाजोगाईस हे फार लवकर कळून येते. एकाला श्री योगेश्वरी मातेचे दर्शन, अभिषेक व कुळाचार एवढेच करावयाचे असते. दुसरा आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीस जाण्याच्या इच्छेने आलेला असतो. ते स्थान बालाघाटाच्या दरीत असून तेथे घाईने जाऊन येण्यात अर्थ नाही. तिसरा दासोपंतांच्या सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीविषयी वाचून आलेला, चौथ्यास हत्तीखाना लेणी पाहावयाची, तर पाचव्याचे सारे लक्ष त्याच दिवशी परळी वैजनाथ गाठण्याकडे. यांपैकी कोणाचेही चुकत नाही. परंतु हे बोलणे घरून निघण्यापूर्वी झाले नाही, तर ते मंदिराच्या पायरीवर, उन्हात, उपाशीपोटी होते. वेळेविषयी तर या नगरीने अधिक सांगण्याची गरज नाही. परळीच्या वैजनाथाशी ठरलेल्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि देवी येथेच कुमारिका राहिली, अशी आख्यायिका आहे.

कोकणातील अनेक कुळांची श्री योगेश्वरी ही कुलस्वामिनी असल्याने येथे दूरवरून घरेच्या घरे येतात. तेथे सोबती निवडण्याचा प्रश्न नसतो. पण कोणाच्या चालीने चालावयाचे, हा प्रश्न असतोच. उत्तर एकच आहे. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने. वृद्ध मातेची कुलदेवतेच्या दर्शनास येण्याची कदाचित ही शेवटची वेळ असते. गाभाऱ्यासमोर तिने डोळे मिटून हात जोडावेत आणि मागून मुलाने गाडीची वेळ सांगावी, यासारखे नुकसान दुसरे नाही. पुन्हा कधी घेऊन येऊ, असे म्हणून ते भरून निघेलच असे नाही.

सोबत्याची खरी कसोटी संकटात होते. पेणजवळील वरसई येथील विष्णुभट गोडसे सन १८५७ मध्ये आपल्या काकांसमवेत उत्तरेकडे निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवावी, ऋण फेडावे व तीर्थे करावीत, असा हेतू होता. वाटेतच बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात व त्यानंतरच्या कत्तलीत ते शहरातच सापडले. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. अशा वेळी जवळचे जाणते माणूस हेच खरे धन होते. हाती पैसा न उरता ते गावी परतले, परंतु गंगोदकाची कावड घेऊन आले. त्यांनी लिहून ठेवलेली ही हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने सन १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रवासास निघणाऱ्याने ते पुस्तक अवश्य वाचावे. करमणूक होईल ती वेगळीच.

आज तशी संकटे नाहीत. भांडणे होतात ती रिक्षाभाड्यावरून, खिडकीच्या जागेवरून, खोलीतील पंख्यावरून. पैशाची व्यवस्था म्हणून प्रत्येकाने प्रारंभीच सारखी रक्कम एकाकडे द्यावी, त्याने रोजचा हिशेब वहीत लिहावा व रात्री सर्वांना वाचून दाखवावा. देणगी व ओटी मात्र ज्याची त्याने आपल्या इच्छेप्रमाणे करावी. सोबत्याने अधिक दिले म्हणून आपणही द्यावे, किंवा त्याने कमी दिले म्हणून बोलावे, हे दोन्ही टाळावे.

रागाचे काय करावे, हे वारीकडून शिकावे. आळंदीच्या पालखी सोहळ्यात दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत, काही रथापुढे, काही रथामागे. सायंकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंच केला की सहस्रावधी टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग तिचे म्हणणे ऐकले जाते. तक्रार त्याच दिवशी, सर्वांसमक्ष मांडली जाते. चार जणांच्या यात्रेतही रात्री जेवणानंतर एवढे साधता येते.

मार्गशीर्षातील उत्सवास व शारदीय नवरात्रात येणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. गर्दीत चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, ते ठिकाण मंदिरात शिरण्यापूर्वीच ठरवावे व लहानमोठ्या सर्वांना प्रत्यक्ष दाखवावे. वृद्धांच्या खिशात वा पिशवीत त्यांचे नाव, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असावी. तिची एक प्रत सोबत्याजवळही ठेवावी.