पावसांतील दणका

पाठ: इब्री लोकांस पत्र, अध्याय १२, ओव्या ५ ते ११.

सन २०१९ च्या आषाढांत मी विमानानें मुंबईस येत होतों. पाऊस मुसळधार होता. विमान भूमीस टेकलें तें इतक्या जोरानें कीं, सर्वांचीं अंगें हादरलीं, मुलें रडूं लागलीं, आणि मीं मनांत वैमानिकास अनाडी ठरविलें. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनीं मात्र त्याचें कारण सांगितलें.

धावपट्टीवर पाणी सांचलें असतां विमान अलगद टेकविलें, तर चाकें पाण्याच्या थरावर तरंगण्याचें भय असतें. मग ब्रेक लागू पडत नाहींत. म्हणून वैमानिक जाणूनबुजून चाकें जोरानें टेकवितो. पाणी फांकतें, चाकें भूमि धरितात, पंखांवरील फळ्या वर उठून विमानाचा भार चाकांवर येतो, आणि तें थांबतें. ज्यास मीं दोष मानिलें, तोच आमच्या रक्षणाचा उपाय होता.

प्रत्येक दणका असा हेतुपूर्वक नसतो. म्हणून दुःखांत पडलेल्या शेजाऱ्यास, “ही तुला देवाची शिक्षा आहे,” असें आपण कधीं म्हणूं नये. परंतु स्वतःवर प्रसंग येतो तेव्हां स्वर्गीय पित्यास दोष देण्याची घाई करूं नये. शिक्षेचें फळ मागाहून दिसतें, हेंच ह्या पाठाचें सार आहे.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न: १. गेल्या वर्षीं आपण कोणत्या प्रसंगीं कुरकुर केली? २. त्याच प्रसंगानें आपलें पाऊल कोठें स्थिर झालें?