स्कीम की प्लॅन?

पुण्यातल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे होता, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला सवलत योजनेचं पत्र धाडायचं होतं. योजना म्हणजे 'स्कीम', त्यात डोकं काय चालवायचं? मी तीनदा 'स्कीम' लिहिलं. उत्तर आलं, "आधी आमच्या वकिलांना पाहू दे." साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बाई, असं काय लिहिलंत?"

ब्रिटनमध्ये नोकरदारांच्या पेन्शनलाही स्कीमच म्हणतात. अमेरिकेत मात्र त्या शब्दाला कारस्थानाचा वास येतो. तिथे 'प्लॅन' किंवा 'प्रोग्राम' लिहायचं. आमची साधी सवलत मी भानगड करून ठेवली होती.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. लग्नानंतर नागपूरला गेले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "भाजीवर थोडा सांबार टाक." मी पातेल्यांची झाकणं उचलून पाहत राहिले. त्यांना हवी होती कोथिंबीर!

मोठमोठेही यात फसलेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची 'टेबल' या शब्दावरून लांबलचक वादावादी झाली, हे चर्चिलने आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय. मुद्दा टेबल करणं म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी चर्चेला घेणं आणि अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणं. खरं म्हणजे दोघांचंही म्हणणं एकच होतं. आपल्या संसदेत कागद टेबल होतात ते ब्रिटिश अर्थाने, म्हणून आपण अमेरिकन माणसाशी बोलताना हमखास अडकतो.

देश ओळखला तरी पायरी चुकते. एका लंडनवाल्याचे वडील गेले, तेव्हा मी सांत्वनाच्या पत्रात 'एक्स्पायर्ड' लिहिलं. आपल्याकडे तो शब्द 'निधन'सारखा अदबीचा वाटतो. तिकडच्या कानाला आधी आठवतो तो मुदत संपलेला पासपोर्ट, नाहीतर दुधाची बाटली. साधं 'डाइड' चाललं असतं, हळुवार हवं तर 'पास्ड अवे'. ते पत्र आठवलं की अजून कानकोंडं होतं.

जड शब्द म्हणजे आदर, हा आपला जुना भ्रम. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच शब्द दरबारात आणि कचेरीत शिरले. म्हणून 'बाय'शेजारी 'पर्चेस' आहे आणि 'बिगिन'शेजारी 'कमेन्स'. करारात ते शोभतात. रोजच्या पत्रात 'कमेन्स' लिहिणं म्हणजे घरी आलेल्याला "जलप्राशन करणार का?" विचारणं.

आता लिहायला बसताना आधी वाचणारा कुठला ते पाहते. मग ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश उघडते. शब्दापुढे ब्रिटिश, अमेरिकन, औपचारिक, बोलीतला अशा खुणा असतात. आपण अर्थ वाचतो आणि त्यांच्यावरून उडी मारून पुढे जातो. उदाहरणाची वाक्यंही वाचा, शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते तिथेच कळतं. 'प्रीपोन' हा आपल्या भारतीय इंग्रजीतला शब्द मला फार आवडतो, पण तो मी घरातल्या घरात वापरते.

परवा लंडनहून आमच्या नमुन्यांवर 'क्वाइट गुड' असा शेरा आला. अमेरिकन माणसाने लिहिलं असतं तर ती शाबासकी होती; इंग्रज लिहितो तेव्हा बहुतेकदा 'ठीक आहे, बरंय' इतकंच. ऑफिसातली पोरं पेढे आणायला निघाली होती. म्हटलं, थांबा रे जरा.